व्हल्नरेबिलिटी मॅनेजमेंटचं (कॉम्प्युटरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधून बुजवण्याचं) सॉफ्टवेअर घ्यायचंय, तीन कोटेशनं आली आहेत. कसं ठरवायचं?

लेथमशीन

नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी आयटी बघतो. आयटी म्हणजे मी आणि दोन मुलं. २१० कॉम्प्युटर, १४ सर्व्हर (त्यातला ईआरपीचा, म्हणजे स्टॉक-हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, सगळ्यात नाजूक) आणि दोन शॉपफ्लोअर. सीएनसी मशिनांना जोडलेले १८ जुने पीसी आहेत. त्यातल्या काहींवर अजून विंडोज ७ आहे, कारण मशिनबरोबर आलेलं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही.

दर वर्षी बाहेरच्या लोकांकडून व्हीएपीटी, म्हणजे सुरक्षेच्या त्रुटींची तपासणी, करून घेतो. दीडशे पानांचा रिपोर्ट येतो, लाल रंगातलं जमेल तेवढं दुरुस्त करतो, पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच जाड रिपोर्ट. यंदा जर्मन ग्राहकाने टिसॅक्सचं, म्हणजे वाहन उद्योगातल्या माहिती सुरक्षेच्या मूल्यमापनाचं, लेबल मागितलंय. नवीन त्रुटी तुम्हाला कशा कळतात, किती दिवसांत बुजवता, पुरावा काय, असं त्यात सरळ विचारलंय. साहेबांनी बजेट दिलंय.

तीन कोटेशनं आहेत. एक क्लाउडवर चालणारं मोठं नाव, दुसरं तितकंच मोठं स्कॅनरवालं, तिसरं भारतीय कंपनीचं, त्यात पॅच टाकायची सोयही आहे आणि किंमत निम्मी. तिघांचे डॅशबोर्ड डेमोत सारखेच रंगीत दिसले. आमचा डेटाबेस सगळ्यात मोठा, असं तिघंही म्हणतात. तुलना नेमकी कशाची करायची? ज्यांनी हे वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सह्यकडा

कोटेशनं घटकाभर बाजूला ठेवा. २१० हा आकडा कुठून काढलात? खरेदीच्या रजिस्टरवरून, अँटिव्हायरसच्या कन्सोलवरून की डोमेनच्या यादीवरून? तिन्हीकडे वेगळे आकडे निघतील. जो कॉम्प्युटर यादीत नाही त्याचं लायसन तुम्ही घेणार नाही, त्याच्यावर एजंट (तपासणी करणारा छोटा प्रोग्राम) बसणार नाही, आणि डॅशबोर्ड मात्र हिरवागार दिसेल.

नव्या मुलांना मी नेहमी इक्विफॅक्स या अमेरिकन क्रेडिट माहिती कंपनीची गोष्ट सांगतो. अपाची स्ट्रट्स या वेबसाइट बनवायच्या साधनातली त्रुटी ७ मार्च २०१७ ला जाहीर झाली, तेव्हाच तिची दुरुस्तीही उपलब्ध होती. ९ मार्चला कंपनीत ई-मेल फिरला, ४८ तासांत पॅच टाका म्हणून. पण ई-मेल ज्यांना जायचा ती यादीच जुनी होती. १५ मार्चला स्कॅनही केला. त्यात काही सापडलं नाही, कारण ते स्ट्रट्स जिथं बसवलेलं होतं तिथवर स्कॅन पोचलाच नाही. मे महिन्यात चोर आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आत राहिले. १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली. त्यांच्याकडे स्कॅनर होता, धोरण होतं, ई-मेलही गेला होता. काय कुठं आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे, हे मात्र कोणाला धड माहीत नव्हतं.

म्हणून आधी मोजणी करा. स्विचच्या पोर्टवरून, डीएचसीपीच्या (मशिनांना नेटवर्कचा पत्ता देणाऱ्या सोयीच्या) नोंदींवरून, आणि पायी फिरून. हो, पायी. गेटपासून गोडाऊनपर्यंत.

दुसरी गोष्ट, डेमोवर काहीही ठरवू नका. तिघांकडून महिन्याभराची ट्रायल मागा आणि तिन्ही त्याच ४० मशिनांवर चालवा. त्यात चार-पाच ठिकाणी तुम्हाला आधीच माहीत असलेल्या त्रुटी ठेवा. परीक्षेचं उत्तर आपल्या खिशात असलं तरच पेपर तपासता येतो. एखाद्या टेस्ट मशिनवर खोल फोल्डरमध्ये जुनं लॉगफोरजे (जावाचं नोंदी ठेवणारं साधन) ठेवा, डिसेंबर २०२१ मध्ये ज्याने जगभर झोप उडवली तेच, सीव्हीई-२०२१-४४२२८ (जाहीर झालेल्या त्रुटीला असा सीव्हीई क्रमांक मिळतो). एक लिनक्स सर्व्हर ठेवा, ज्याला सगळे पॅच लागलेले आहेत पण ओपनएसएसएचची (दुरून लॉगिन करायच्या साधनाची) आवृत्ती जुनी दिसते. एक लॅपटॉप कोणाला न सांगता नेटवर्कला जोडा. मग बघा कोण काय पकडतं.

आणि स्कॅन लॉगिन देऊनच करा. बाहेरून पोर्ट ठोठावून पाहणाऱ्या स्कॅनला मशिनच्या आतलं फार थोडं दिसतं. ब्राउझर, पीडीएफचं सॉफ्टवेअर, जावा यांतल्या त्रुटी लॉगिन केल्याशिवाय किंवा एजंट बसवल्याशिवाय कळत नाहीत. फक्त एक काळजी घ्या. स्कॅनरला डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड, म्हणजे सगळ्या मशिनांची चावी, देऊन मोकळं होऊ नका. त्याच्यासाठी वेगळं खातं, लागेल तेवढाच अधिकार.

पहाटवारा

सह्यकडादादा, मोजणीचं शंभर टक्के पटलं. पण एवढे पैसे घालायच्या आधी फुकटातलं का पाहू नये? मी नाशिकला ६० कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करते. ग्रीनबोन, म्हणजे आधीचं ओपनव्हॅस, आणि वाझू अशी जोडी दीड वर्ष चालवते आहे. वाझूचा एजंट प्रत्येक मशिनवरची सॉफ्टवेअरची यादी काढतो आणि त्रुटी दाखवतो, ग्रीनबोन नेटवर्ककडून बघतो. लायसनचा खर्च शून्य. कंटेनर (सॉफ्टवेअर बंद पेटीसारखं चालवायची पद्धत) असतील तर त्यांच्यासाठी ट्रिव्ही आहे.

सह्यकडा

ताई, तुम्ही ते नीट चालवताय याबद्दल आनंद आहे. पण तुमचे आठवड्याचे किती तास त्यात जातात, तेही लिहा. तो खर्चच आहे, फक्त कोटेशनवर दिसत नाही.

पहाटवारा

बरोबर, आठवड्याला सहा-सात तास जातात. सुरुवातीला जास्त जायचे. मुख्य वेळ खोट्या इशाऱ्यांत गेला. रेड हॅट, डेबियनसारखे लोक आवृत्तीचा क्रमांक न वाढवता दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून टाकतात. नुसता आवृत्तीचा क्रमांक वाचणारा स्कॅन मग बोंबलतो की हे जुनं आहे. लॉगिन देऊन स्कॅन केल्यावर ते बरंच कमी झालं. आणि खरं सांगायचं तर पॅच टाकायचं काम ही दोन्ही साधनं करत नाहीत. ते मी वेगळं करते. लेथमशीन, तुमच्याकडे तिघं आणि २१० मशिनं, तेव्हा हा मुद्दा तुमच्यासाठी मोठा आहे.

कृष्णाकाठ

मी सांगलीकडच्या एका नागरी सहकारी बँकेत आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ आणि २०१९ च्या परिपत्रकांनंतर आम्हाला हे सगळं करावंच लागलं. माझा अनुभव त्रुटींच्या क्रमवारीचा आहे, म्हणून त्यावरच लिहितो.

पहिल्या स्कॅनला आमच्याकडे नऊ हजारांवर त्रुटी निघाल्या. त्यातल्या निम्म्या हाय किंवा क्रिटिकल. आम्ही सीव्हीएसएसच्या, म्हणजे त्रुटीच्या गंभीरतेच्या, आकड्याप्रमाणे वरून खाली निघालो आणि दोन महिन्यांत थकलो. २०२४ या एका वर्षात ४० हजारांवर नवे सीव्हीई नोंदले गेले, त्यांच्यामागे अशा रीतीने कोण धावणार? सीव्हीएसएस सांगतो की घाव बसला तर किती खोल जाईल. घाव घालायला कोणी निघालंय का, हे तो सांगत नाही.

त्यासाठी दोन गोष्टी फुकट मिळतात. अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेची केईव्ही यादी नोव्हेंबर २०२१ पासून आहे. प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्या गेलेल्या त्रुटीच तिच्यात जातात. दुसरा ईपीएसएस, येत्या ३० दिवसांत ही त्रुटी वापरली जाण्याची शक्यता किती, याचा अंदाज. आम्ही आता तीन चाळण्या लावतो: केईव्हीमध्ये आहे का, ते मशिन इंटरनेटला उघडं आहे का, आणि त्या मशिनवर काय आहे. नऊ हजारांतून आठवड्याला हातात घेण्यासारख्या तीस-चाळीस उरतात. तेवढं माणूस करू शकतो.

म्हणून विक्रेत्याला विचारा की या दोन्ही याद्या तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये येतात का, आणि मला माझी चाळणी लावता येते का. काहींचा स्वतःचा गुप्त स्कोअर असतो. तो कशावरून आला हे ते सांगत नसतील तर ऑडिटरपुढे तुम्हीही सांगू शकणार नाही. आणखी एक विचारा: माहिती फक्त एनव्हीडीवरून, म्हणजे अमेरिकी सरकारच्या त्रुटींच्या डेटाबेसवरून, घेता का? फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथलं विश्लेषणाचं काम मंदावलं आणि नोंदी तुंबल्या. जे फक्त तिच्या भरवशावर होते त्यांना माहिती उशिरा मिळाली.

नेकारकाठ

मी मूळचा भोसरीचा, आता स्टुटगार्टजवळ वाहन उद्योगातच माहिती सुरक्षेचं काम करतो. पुरवठादारांच्या टिसॅक्सच्या तयारीत मदत करतो, म्हणून त्याबद्दल लिहितो.

मूल्यमापन करणारा तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव बघत नाही. तो एक त्रुटी उचलतो आणि तिचा माग काढतो. कधी कळली, कोणी ठरवलं की ती महत्त्वाची आहे, कोणाकडे काम गेलं, पॅच कधी लागला, लागल्यावर पुन्हा तपासलं का. बुजवली नसेल तर कोणत्या जबाबदार माणसाने, कोणत्या कारणाने, किती तारखेपर्यंत ती तशीच ठेवायला मान्यता दिली. शून्य त्रुटी दाखवणारा कागद पाहिला की अनुभवी माणूस जास्तच प्रश्न विचारतो.

लेथमशीन, तुमच्या विंडोज ७ च्या मशिनांसाठी हाच भाग लागेल. त्या प्रणालीची मदत १४ जानेवारी २०२० ला संपली, पॅच येणार नाहीत. त्या बदलता येत नसतील तर वेगळ्या नेटवर्कमध्ये टाका, इंटरनेट आणि यूएसबी बंद करा, फाइल द्यायला एकच ठरलेली वाट ठेवा, आणि हे सगळं अपवाद म्हणून लिहून त्यावर कारखान्याच्या प्रमुखांची सही घ्या. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अपवाद नोंदवायची आणि त्याला मुदत घालायची सोय आहे का, ते ट्रायलमध्येच बघा. मुदत संपली की त्रुटी आपोआप पुन्हा वर यायला हवी. लेबल तीन वर्षं चालतं, तोवर अपवाद विसरून गेलेल्या कंपन्या मी पाहिल्या आहेत.

वेर्णेची पायवाट

गोव्याहून, औषध कंपनीतून. शॉपफ्लोअरवर स्कॅनर सोडायच्या आधी माझं ऐका, अगदी कळकळीने सांगते. जुने पीएलसी (मशिन चालवणारे कंट्रोलर) आणि एचएमआय (त्यांचे पडदे) साध्या पोर्ट स्कॅननेही अडकतात. आमच्या पॅकिंग लाइनवर एका स्कॅनने कंट्रोलर गोठला आणि पूर्ण पाळी वाया गेली. चूक आमचीच, आयपीची रेंज लिहिताना एक आकडा जास्त गेला. त्याच रात्री ऑफिसातल्या प्रिंटरने अगम्य अक्षरांची पानंच्या पानं छापली, कारण स्कॅनर ९१०० पोर्टवर जे काही पाठवतो ते प्रिंटर छापत सुटतो.

मशिनांच्या नेटवर्कमध्ये नुसतं ऐकणारं, म्हणजे स्विचवरून वाहतुकीची प्रत घेऊन ओळखणारं साधन वापरा, किंवा सरळ हाताने यादी ठेवा. १८ पीसींसाठी एक्सेल पुरते. ज्यांना स्कॅन करायचंच नाही असे आयपी सॉफ्टवेअरमध्ये आधी घाला, रेंज नंतर.

आणि "आमच्या छोट्या कंपनीकडे कोण येतंय" असं कोणी मीटिंगमध्ये म्हणालं तर जून २०१७ ची आठवण द्या. नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधून सुटला, मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि आपल्या जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलचं कामकाज बिघडलं. तो पसरायला ज्या विंडोजच्या त्रुटी वापरत होता त्यांचा पॅच त्याच वर्षी १४ मार्चला आलेला होता. मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीच्या व्हायरसने तोच रस्ता दाखवूनही झाला होता.

तळटीप

खरेदी विभागातून लिहितोय, कराराबद्दल. एक, लायसनसाठी मोजलं जाणारं असेट म्हणजे काय हे लेखी घ्या. लॅपटॉप फॉरमॅट करून पुन्हा जोडला की काही ठिकाणी तो दोनदा मोजला जातो, आणि वाय-फायवर येणारे पाहुण्यांचे फोनही. दोन, दुसऱ्या वर्षीचा दर आत्ताच बांधून घ्या, पहिल्या वर्षीच्या सवलतीवर भाळू नका. तीन, सोडून जाताना सगळा इतिहास बाहेर काढून मिळेल का आणि कोणत्या स्वरूपात. तुमच्या कच्च्या दुव्यांची पूर्ण यादी त्यांच्या सर्व्हरवर बसणार आहे, ती कोणत्या देशात राहते हेही विचारा.

लेथमशीन

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत आलोय, कारण आधी मोजायचं ठरवलं.

आकडा २१० नव्हता, २४७ निघाला. ३७ कॉम्प्युटर आमच्या कुठल्याच यादीत नव्हते. सगळ्यात वाईट गेटवर सापडला. वजनकाट्याच्या खोलीतला पीसी, काटा बसवणाऱ्या कंत्राटदाराने आणलेला. त्याला स्वतःचं वेगळं ब्रॉडबँड आणि रिमोट डेस्कटॉप (दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय) इंटरनेटला सरळ उघडा. पासवर्ड काट्यावर चिकटवलेला. दुसरी तार आमच्या नेटवर्कमध्ये, कारण वजनाची पावती ईआरपीत जाते. चार वर्षं तो तिथं होता. मी रोज त्याच्या शेजारून गाडी आत घेतो. त्या रात्री झोप लागली नाही. सह्यकडा, "पायी फिरा" म्हणालात त्याचे पांग कसे फेडू?

आता ट्रायल. नावं देत नाही, पहिलं-दुसरं-तिसरं म्हणतो, क्रम कोटेशनांचाच. त्याच ४० मशिनांवर पहिल्याने ३,१०० त्रुटी दाखवल्या, दुसऱ्याने २,७००, तिसऱ्याने १,१००. साहेब लगेच म्हणाले, मग पहिलं चांगलं. खोदून बघितलं तर पहिली दोन्ही प्रत्येक सीव्हीई वेगळा मोजतात. विंडोजचा महिन्याचा एक पॅच चुकला की साठ-सत्तर त्रुटी वाढतात. तिसरं तो एकच गहाळ पॅच धरतं. म्हणजे आकडे एकमेकांशी लावण्यात अर्थच नव्हता.

लपवलेल्या गोष्टींचा निकाल: खोल फोल्डरमधलं लॉगफोरजे पहिल्या दोघांनी पकडलं, तिसऱ्याने नाही. जुन्या दिसणाऱ्या ओपनएसएसएचवर लॉगिन देऊनही दुसऱ्याने खोटा इशारा दिला. न सांगता जोडलेला लॅपटॉप फक्त पहिल्याला त्याच दिवशी दिसला.

इथवर पहिलंच जिंकत होतं. मग कृष्णाकाठ आणि पहाटवारा यांचं आठवलं आणि दुसरी परीक्षा घेतली: केईव्हीमधल्या वीस त्रुटी निवडल्या आणि माझ्या दोन मुलांना सांगितलं, या तीन साधनांनी बुजवून दाखवा. पहिल्या दोघांत त्रुटी दिसली, पुढे पॅच शोधणं, डाउनलोड करणं, मशिनवर जाणं हे हाताने. पॅचचा भाग घ्यायचा तर वेगळे पैसे, ते कोटेशनमध्ये नव्हते. पोरांना पाच दिवस लागले. तिसऱ्यात त्याच पडद्यावरून दीड दिवसात अठरा बुजल्या.

सह्यकडा

वीस घेऊन दिवस मोजलेत, हे फार चांगलं केलंत. डेमोत हे कोणी दाखवत नाही. पण लॉगफोरजे चुकलं हे सोडून देऊ नका. आणि तिसऱ्याला फायरवॉल, स्विच दिसतात का? गेल्या काही वर्षांतले मोठे घाव तिथेच बसलेत, व्हीपीएनच्या (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित यायच्या) पेट्यांवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिट्रिक्सच्या अशाच पेट्यांतली सिट्रिक्स ब्लीड ही त्रुटी आली तेव्हा पॅच टाकून काम संपत नव्हतं. आधीची चालू सेशन्स (लॉगिन) तोडावी लागत होती, नाहीतर चोरलेल्या सेशनने माणूस आतच राहायचा. एजंटवाल्या साधनाला ती पेटी दिसतच नाही, कारण तिच्यावर एजंट बसत नाही.

लेथमशीन

नाही दिसत, नुसती नावं दिसतात. म्हणून असं ठरवतोय. ऑफिसचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर तिसऱ्यावर. वाचलेल्या पैशांतला काही भाग आतल्या एका मुलाच्या प्रशिक्षणावर. फायरवॉल, स्विच आणि बाहेरून दिसणारे आयपी यांच्यासाठी ग्रीनबोन, महिन्यातून एकदा, रात्री. लॉगफोरजेसारख्या फाइलींसाठी सर्व्हरवर वेगळी शोध स्क्रिप्ट, दर आठवड्याला. शॉपफ्लोअर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (तोडून वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये), स्कॅन नाही, यादी आणि सहीचा अपवाद. वार्षिक व्हीएपीटी चालूच राहील, पण आता त्यांना आमचं साधन काय चुकवतंय ते शोधायला सांगणार.

पहाटवाराताई, ग्रीनबोनची वेळापत्रकं कशी लावता ते व्यनि कराल का?

पहाटवारा

नक्की, आज रात्री पाठवते. कंपनीच्या स्वतःच्या बाहेरच्या आयपींपासून सुरुवात करा, ते थोडे असतात आणि तेच आधी लागतं.

कृष्णाकाठ

पॅच आपोआप टाकणार म्हणता, तर एकदम सगळीकडे सोडू नका. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं बंद पाडली. तो पॅच नव्हता, पण एकाच वेळी सगळीकडे गेलेली गोष्ट काय करते ते दिसलं. आम्ही आधी आयटीच्या मशिनांवर, मग एका शाखेवर, मग बाकीच्यांवर असं जातो. तुमच्या किती दिवसांच्या मुदती ठरल्या?

लेथमशीन

केईव्हीमधलं आणि इंटरनेटला उघडं असेल तर ७२ तास. केईव्हीमधलं पण आत असेल तर १४ दिवस. बाकी क्रिटिकल ३० दिवस. उरलेलं तीन महिन्यांत.

टप्प्यांसाठी आमची गुरुवारची सुट्टी कामी आली. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला. बुधवारी आमच्या तिघांच्या मशिनांवर, गुरुवारी स्टोअर आणि अकाउंट्सच्या बारा मशिनांवर, आणि पुढच्या गुरुवारी सगळीकडे. पहिला महिना पार पडला. २२९ ऑफिस मशिनांपैकी २११ वर वेळेत लागले. राहिलेल्या अठरांत अकरा लॅपटॉप मार्केटिंगवाल्यांचे, ते फिरतीवर होते.

वजनकाट्याचं ब्रॉडबँड तोडलं. कंत्राटदार रागावला, त्याला आता व्हीपीएनचं खातं दिलंय, दुहेरी पडताळणीसह, आणि गरज असेल तेव्हाच उघडतो.

ईआरपीचा सर्व्हर अजून तसाच आहे, तीन वर्षं कोणी हात लावलेला नाही. ईआरपीवाल्यांनी शेवटच्या गुरुवारी रात्रीचे तीन तास दिले आहेत. काल बॅकअप दुसऱ्या मशिनवर चढवून पाहिला, उघडतोय, स्टॉकही जुळतोय. गुरुवारी रात्री काय होतं ते शुक्रवारी इथं लिहितो.